तक्रार करणाऱ्याचा फोन बंद

आमच्या दूध संघाचे सगळे फोन माझ्या खोलीतल्या एका स्विचमधून, म्हणजे फोन जोडणाऱ्या पेटीतून, जातात. त्यात प्रत्येक फोनला आपला पत्ता असतो, आणि मी ज्या पत्त्याला मनाई करीन त्याचा फोन कुठेच लागत नाही. एवढी सत्ता हातात असूनही माझा कणा मात्र वायरीसारखा, वळवाल तसा वळणारा.

उन्हाळ्यात टँकर उशिरा जाऊ लागले, केंद्रांवर दूध नासू लागलं आणि फोन खणखणू लागले. कार्यकारी संचालक इंद्रोजीराव कावले मला म्हणाले, "ज्या पत्त्यावरून तक्रार येईल तो पत्ता बंद! कुणाचीही गय करायची नाही."

"होय साहेब," मी म्हणालो. मला तेवढंच बोलता येतं.

आधी बोरशेत केंद्र बंद केलं, मग खडकमाळ. दुपारी साहेबांचाच फोन आला, "माझा एसी बंद पडलाय! इथं कुणाचं लक्ष आहे का?"

"होय साहेब," म्हणालो आणि हुकूम पाळला.

थोड्या वेळाने साहेब घामाघूम होऊन माझ्या दारात उभे. मागे संघाचे अध्यक्ष.

"माझा फोन कुठेच का लागत नाही?"

"साहेब, आपल्या पत्त्यावरून तक्रार आली होती."

अध्यक्षांनी सगळी हकीकत काढून घेतली आणि ते खो खो हसले. साहेब ओरडले, "आधी माझा फोन सुरू कर!"

"होय साहेब. पण आपल्या आधी बोरशेतचा नंबर आहे."

बोरशेतचा पत्ता खुला होताच माझा फोन वाजला. अध्यक्षांनी तो उचलून साहेबांच्या हातात दिला. टँकर तासाभरात निघाला.

तेव्हापासून संघात मला धाडसी म्हणतात. अहो, हुकूम मोडायचं धाडस नव्हतं, म्हणून तर तो पाळला!