आधी छत कोरणारा सोणक

भंते खेमगुत्त तेव्हा घाटमाथ्यावरच्या वाघोटी गावात राहत होते. गावामागच्या कड्यात त्यांच्याच सांगण्यावरून चैत्यगृह कोरले जात होते. कोरणारा होता सोणक पाथरवट. गरीब, अबोल आणि भंत्यांच्या शब्दाबाहेर न जाणारा माणूस.

डोंगरातले मंदिर वरून खाली उतरते. आधी कमानदार छत, मग खांब, मधोमध राखलेल्या दगडातून स्तूप, आणि जमीन सगळ्यांत शेवटी! गावच्या बलमित्र सुताराला हे पाहून हसू आवरत नसे. पंचक्रोशीतली लाकडी मंदिरे त्याने बांधलेली, गर्व असायचाच. रोज कड्याशी येऊन तो म्हणे, "काय रे सोणक, पाया कुठाय? आधी बारसं उरकलंस, आता लग्न कधी?"

सोणक हसून छिन्नी चालवीत राही.

बारा वर्षे गेली. स्तूपाचा घुमट गोल झाला, आणि एका सकाळी छताला चीर पडून पाण्याची धार थेट स्तूपावर लागली. लाकडाची फळी बदलता येते. कोरून काढलेला दगड पुन्हा कुठून लावणार? चीर वाढली की छत खाली येणार, सगळे कष्ट मातीत जाणार.

भंते आले. धारेकडे पाहत म्हणाले, "सोणक, तुझ्याजवळचं एखादं खरं बोल. खऱ्याला बळ असतं."

सोणकाने हात जोडले. "भंते, बारा वर्षांत रागाच्या भरात एकही घाव घातला नाही. बलमित्रदादा हसले तेव्हासुद्धा नाही. हे खरं असेल तर ही धार थांबू दे."

आणि काय आश्चर्य! धार निम्मी झाली. निम्मी मात्र वाहतच राहिली.

भंते दाराशी उभ्या बलमित्राकडे वळले. "उरलेलं तुमच्याजवळ आहे."

"माझ्याजवळ? मी तर नुसता..." बलमित्र अडखळला. मग हळूच म्हणाला, "भंते, मी टवाळी करायला येत नव्हतो. ही कमान बघायला येत होतो. घरी लाकडात सात वेळा करून पाहिली. नाही जमली."

शेवटचा थेंब स्तूपावर पडला आणि चीर मिटली!

बलमित्र भंत्यांच्या पायांशी वाकला. भंत्यांनी हसून सोणकाकडे बोट दाखवले, तसा तो तिकडेही वाकला. सोणक घाबरून मागे सरला. "दादा, हे काय करताय?"

"वाकू दे रे," डोळे पुसत बलमित्र म्हणाला, "आणि छिन्नी कशी धरायची, तेवढं दाखव."