स्वस्तातला पाट

जनावरं माणसांसारखी सभा भरवायची, तेव्हाची ही गोष्ट.

झऱ्याचं पाणी एका पाटानं रानभर जायचं. पाटातला गाळ म्हैस शिंगांनी उपसायची. तिच्या पाठीवर बसून बगळा देखरेख करायचा. त्या कामाबद्दल प्रत्येक घरातून रोज एक पेंढी गवत जायचं.

सशाला पाच पिल्लं. पेंढी त्याला जड जायची. तो सभेत उठला. "मंडळी, पाणी तर आपलं आपण वाहतंय. मग एवढं गवत जातं कुठं?"

"माझ्या पोटात," म्हैस म्हणाली. "लपवून ठेवायला दुसरी जागा नाही रे बाबा."

"आणि बगळेराव?"

"गवताच्या काडीला शिवलो असेन तर सांगा," बगळा मान ताठ करून म्हणाला.

हे खरंच होतं. तो पाटातले बेडूक खायचा, आणि बेडकांना सभेचं बोलावणं नव्हतं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. खर्चाची म्हैस काढली आणि फुकटचा बगळा ठेवला.

चैत्रात पाट गाळानं बुजला. पिल्लांच्या जिभा बाहेर आल्या, तसा ससा बगळ्याकडे धावला. "बगळेराव, पाणी थांबलं!"

"मी रोज बघतोय," बगळा म्हणाला.

शेवटी ससाच पाटात उतरला आणि पंजांनी गाळ उकरू लागला. संध्याकाळपर्यंत वीतभर पाट मोकळा झाला.

"ससोबा, जरा डावीकडं घे," बगळा काठावरून म्हणाला. "काम हळू चाललंय, पण स्वस्तात चाललंय."