वसावे की मोहिते

"मग दोघींपैकी कोण, मास्तर?"

दस्तगीर मास्तरांनी मान वर केली नाही. त्यांच्या डाव्या हातात फक्कीची बादली होती. उजव्या मुठीतून पांढरी फक्की झिरपत होती आणि मातीवर रेष उमटत होती.

"मास्तर, मी काहीतरी विचारतेय."

"ऐकलं. मी म्हातारा आहे, बहिरा नाही. तुम्हा पोरींना दोन्ही एकच वाटतं."

निलांबरीने दात आवळले.

दुपारची आली होती ती. स्कूटर टेकडीच्या पायथ्याशी लावली आणि पिराच्या दर्ग्यामागच्या या मैदानावर तरातरा चढून आली. सराव अर्धा टाकून आल्यामुळे अंगात ट्रॅकसूट तसाच होता आणि गळ्यात शिट्टीही तशीच. मास्तरांनी पहिलं काय पाहिलं असेल, तर ती शिट्टी.

"पिराच्या दारात शिट्टी घालून आलीस?"

"घाईत आले."

"ते दिसतंय."

तेवढंच बोलून त्यांनी तिला पाणी मारायला लावलं. मग खडे वेचायला लावले. मग खांब हलतोय का ते बघायला लावलं. जन्मभर शाळेत खेळ शिकवलेला माणूस निवृत्त झाल्यावर दर्ग्याचं अंगण झाडत होता आणि मागच्या तुकड्यावर गावातल्या पोरांसाठी खो-खोचं मैदान राखत होता. निलांबरीला खांबाभोवती वळायला त्यांनीच शिकवलं होतं. म्हणून ती गप्प राहून खडे वेचत होती. दुसरं कुणी असतं तर खडे त्याच्याच बादलीत ओतून निघाली असती.

मंडळाच्या महिला संघाची ती प्रशिक्षक होती. यंदाच्या साखळी स्पर्धेसाठी संघात एकच जागा उरली होती आणि ती कॉलेजच्या मुलींमधून भरायची होती. जागाही कसली, तर पाठलागाचा सगळा डाव जिच्या डोक्याने चालतो, तिची. नावं दोन होती. चैत्राली मोहिते आणि सुगंधा वसावे. त्यातलं एक संध्याकाळच्या आत कळवायचं होतं.

मंडळातल्या सगळ्या टोप्यांना मोहिते हवी होती.

"तुझं वय काय, तू बघितलंस काय?" अध्यक्ष तात्या शिरगुप्पे भर बैठकीत म्हणाले होते. "दस्तगीर मास्तरांचा शब्द घेऊन ये. ते म्हणतील तिला घेऊ. आणि आपल्याच मनाने वसावेला घेऊन हरलीस, तर पुढच्या वर्षी शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात असेल."

बाकीचे हसले होते. चहा आला होता. निलांबरीने तो घेतला नव्हता.

"मोहिते कशी आहे?" मास्तरांनी अचानक विचारलं.

निलांबरी खडे टाकून उभी राहिली.

"वाऱ्यासारखी पळते. खांबावर सूर मारते तेव्हा बघत राहावं असं वाटतं. यंदाच्या विद्यापीठ स्पर्धेत सगळ्यात जास्त गडी तिनेच बाद केले. आणि अख्ख्या स्पर्धेत एक फाउल नाही."

"मग घे की तिला."

"अहो, पण..."

"एक फाउल नाही म्हणतेस. मला असली पोर जन्मात मिळाली नाही. तू तर सतरा फाउल करायचीस."

"करायचे. पण जिंकायचेही."

"कधी कधी."

मास्तर पुढच्या चौकोनाकडे सरकले. निलांबरी मागोमाग गेली.

"मास्तर, ती बाहेर बघते."

"कुठं बाहेर?"

"रेषेबाहेर. तिथे तिचे सर उभे असतात. प्रत्येक खो देण्याआधी ती एकदा त्यांच्याकडे बघते. त्यांनी हात केला की देते, नाही केला की धावत राहते. आणि हे कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही, कारण बघणं अगदी पापणी लवण्याएवढं असतं."

"तेवढ्यानं काय बिघडतं?"

"समोरची कच्ची असेल तर काहीच नाही. पक्की असेल तर तेवढ्यात ती दोन पावलं पुढे जाते. ती दोन पावलं मग डाव संपेपर्यंत भरून निघत नाहीत."

"म्हणजे खोड वाईट आहे."

"वाईटच आहे."

"हं..." मास्तरांनी मुठीत नवी फक्की घेतली. "मग वसावेला घे."

निलांबरीचा चेहरा उजळला, आणि लगेच तिच्याच तोंडून निघालं, "ती कुणाचं ऐकत नाही."

"कुणाचं?"

"कुणाचंच. अंतिम सामन्यात तिचे सर बाहेरून घसा फोडून ओरडत होते, खो दे, खो दे. ती देईना. एकटीच धावत खांबापर्यंत गेली. पळणारी आत शिरली आणि निसटली. वेळ संपली. एका गुणाने गेला सामना."

"हरवलंच की मग तिनं."

"हरवलं."

"सर काय म्हणाले?"

"सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलले. मी तिथेच उभी होते. मला वाटलं, आता ही रडणार. ती आधी शांतपणे पाणी प्यायली. मग म्हणाली, सर, तुम्हाला तिची पाठ दिसत होती, मला तिचे पाय दिसत होते."

मास्तरांचा हात थांबला. फक्कीचा एका जागी छोटा ढीग झाला.

"असं म्हणाली?"

"असंच म्हणाली. सर म्हणाले, मग हरलीस कशी? तर म्हणते, पायांनी फसवलं. पुन्हा त्या पायांना नाही फसायची."

मास्तर हसले नाहीत. पण त्यांनी तो ढीग पायाने पसरला, आणि पसरताना त्यांच्या मिशा जरा हलल्या.

"नंदुरबारकडची ना ती?"

"हो. शेवटचं वर्ष आहे कॉलेजचं. आत्ता घेतली नाही तर गावी जाईल. पुन्हा कोण कशाला तिच्याकडे बघतंय."

"तरी पण," मास्तर म्हणाले, "ऐकत नाही म्हणजे वाईटच. मोहिते बरी."

निलांबरी उसळली. "बरी कशी? तिला बाहेरून चालवावं लागतं. गोंगाटात सरांचा आवाज पोचला नाही, तर ती पोरगी खांबाशी उभी राहील नुसती."

"मग वसावे."

"तात्या मला कच्ची खातील. ते एकेक ज्येष्ठ सभासद... एक सामना हरले तरी म्हणतील, आम्ही सांगितलं होतं."

"मग मोहिते."

"मास्तर, चेष्टा करताय का?"

"चेष्टा तू करतेस. मी मोहिते म्हटलं की तू वसावेची वकील. मी वसावे म्हटलं की तात्याची."

निलांबरीने खांब पुन्हा एकदा हलवून बघितला.

खाली गावात कुठल्याशा देवळाची घंटा वाजली. ऊन टेकडीवरून उतरून उसाच्या शेंड्यांवर गेलं होतं. तिने खिशातून फोन काढून बघितला आणि परत ठेवला.

"तुला स्वतःला कोण हवी ते ठाऊक आहे?" मास्तरांनी विचारलं.

"आहे."

"केव्हापासून?"

"ती पाणी प्यायली तेव्हापासून."

"मग मी कशाला हवा?"

"मला नकोच होतात." हे ती बोलून गेली आणि मग जीभ चावली. मग तिने ठरवलं की बोललंय ते खरंच आहे, आता पुढचंही बोलावं. "मला नको होतात, मास्तर. तात्यांना हवे आहात. ती पोरगी मी बघितली. मैदानावर मी होते, तात्या नव्हते, तुम्हीही नव्हता. तरी माझ्या शब्दाला किंमत नाही, कारण माझे केस काळे आहेत. तुम्ही नुसतं नाव घ्या. एकच नाव. मी जाऊन सांगते, मास्तर म्हणाले. सगळी तोंडं बंद."

"आणि हरलीस तर?"

तिने वेचायचा राहिलेला एक खडा उचलून रेषेबाहेर फेकला.

"हरलीस तर कोण हरलं? मास्तर हरले, होय ना?"

मास्तरांनी बादली खाली ठेवली, धोतराच्या सोग्याला हात पुसले. मैदान आखून झालं होतं. मधली पाटी, तिच्यावरचे चौकोन, दोन्ही टोकांचे खांब, बाहेरची रेष. निलांबरी मैदानाच्या मध्यावर उभी होती. मास्तर चालत चालत बाहेरच्या रेषेपलीकडे गेले आणि तिथे हात मागे बांधून उभे राहिले.

"सांगा ना, मास्तर." तिचा आवाज आता चिरका झाला होता. "समोर उभी आहे तुमच्या. सांगा."

"समोरून खो देतात का गं?"

"...नाही. पाठीमागून."

"मग बस."

तिला वाटलं, आता हे सांगणार. म्हाताऱ्या माणसांना सगळं काही असं फिरवून, पोराला चार वेळा उठबस करायला लावून सांगण्याची हौस असते. ठीक आहे. सांगू देत. ती मधल्या चौकोनात बसली. एक गुडघा वर, हात जमिनीला, पाठ मास्तरांकडे. शाळेत बसायची तशी.

"उठायचं कधी?" मागून आवाज आला.

"खो मिळाला की."

"आणि त्याआधी उठलं तर?"

"फाउल."

"लक्षात आहे म्हणायचं."

ती वाट बघू लागली.

समोर पलीकडची रेष होती आणि तिच्यामागे उतार. आता पावलं वाजतील. आता पाठीवर हात पडेल. आता नाव येईल...

काहीच आलं नाही.

"मास्तर?"

कडुनिंबावर होले घुमत होते. मागून कसलाही आवाज नव्हता. मास्तर हसताहेत, रागावलेत, की दर्ग्यात दिवा लावायला निघून गेलेत, तेही कळायला मार्ग नव्हता. वळून बघावंसं वाटलं. आयुष्यात अडलं की तिने हेच केलं होतं. मान वळवून मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघायचं. तिथे होकार दिसला की पाय सुटायचे.

मान अर्धी वळली...

आणि तिथेच थांबली.

तिने ती परत समोर केली. कान तापले होते तिचे.

खिशात फोन वाजला. बसल्या बसल्या तिने तो काढला. तात्या शिरगुप्पे. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा वाजायला लागला. उसावरचं ऊनही आता गेलं होतं.

मांडी भरून आली होती. मागून खो आला नव्हता.

ती उठली.

खो न मिळता, तशीच उठली. टाचेने चौकोनाची रेष पुसली गेली. तिने फोन कानाला लावला.

"बोला, तात्या... हो, मास्तरांकडेच आहे."

पलीकडून तात्या बराच वेळ बोलले. तिने बोलू दिलं.

"नाव लिहून घ्या. सुगंधा वसावे."

मास्तर म्हणाले का, असं तात्यांनी विचारलं.

"नाही. मास्तरांनी काही सांगितलेलं नाही. त्यांनी मोहितेही ठरवली नाही, वसावेही ठरवली नाही. मी सांगतेय."

तात्यांचा आवाज चढला. मैदानाच्या बाहेरपर्यंत ऐकू जाईल इतका.

"माझं ऐका ना तात्या. हरलो तर मी हरले. मास्तर नाही, वसावे नाही, तुम्ही तर नाहीच नाही. शिट्टी तेव्हा काढून घ्या. आज नाव बदलणार नाही... हो. बैठकीत उभी राहून सांगते. उद्याच सांगते. तुमच्या चहाआधी."

तिने फोन बंद केला. तिने तो ट्रॅकसूटच्या खिशात खुपसला, आणि मग कुठे वळून बघितलं.

मास्तर कुठेही गेले नव्हते. रेषेबाहेर, होते तिथेच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. आता ते आत आले, बादली उचलली, आणि तिच्या टाचेने पुसलेल्या रेषेवर वाकून चिमूट चिमूट फक्की सोडू लागले.

निलांबरी बघत राहिली. मग तिला राहवलं नाही.

"खो न घेताच उठले मी," ती म्हणाली. "फाउल झाला."

मास्तरांनी रेष पुरी केली. फुंकर मारून जास्तीची फक्की उडवली.

"शिट्टी तुझ्या गळ्यात आहे," ते म्हणाले. "वाजवायची असेल तर वाजव."