फळीवरचे सहा कप

“...पण बाई, ही चिप लिहायची भाषाच अडाणी आहे, त्याला मी काय करू?”

ओजस दामले उंबऱ्यातूनच बोलत आला. हातात कॉम्प्युटर, मान ताठ.

“अडाणी तर मीही आहे,” बाई म्हणाल्या. “चपला बाहेर.”

बाई म्हणजे वत्सलाबाई शेलार. चौथी नापास. रेडिओच्या कारखान्यात तारा जोडता जोडता, लोकांनी रद्दीत टाकलेली पुस्तकं वाचून शिकल्या. आता भोसरीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये चिप कशी रचायची ते शिकवतात. शिकायला येणारे बहुतेक पदवीधर. लाज वाटायचीच असेल, तर ती त्यांना वाटावी.

भिंतीवरच्या फळीवर सहा कप उपडे घातलेले होते. रोज सकाळी असायचे. बाईंनी एक सुलटा केला, चहा ओतला, ओजसपुढे ठेवला.

“हं. काय म्हणते तुझी अडाणी भाषा?”

“त्या रुग्णालयाच्या मशीनचं सांगितलं होतं ना? वेळेआधी जन्मलेली बाळं. सगळ्यांच्या अंगाचा ताप एकाच चिपनं बघायचा. सोमवारी वॉर्डात लावायचंय, बाई. रात्रपाळीला तिथं एकच नर्स असते. एकेकाला हात लावून बघत फिरते.”

“मग?”

“बाळं किती, हे मी चिपलाच मोजायला लावलं. तीन असली तर तिनं आपल्या पोटात तीन तारा तयार करायच्या, सात असली तर सात. असं अजून कुणी केलेलं नाही!”

बाईंनी कप त्याच्याकडे आणखी सरकवला.

“तर कॉम्प्युटर म्हणतो, तारांचा आकडा स्टॅटिक नाही. वीज यायच्या आधी ठरलेला पाहिजे. चार दिवस झाले, तेच एक वाक्य. त्याला चकवायची काहीतरी युक्ती सांगा.”

“स्टॅटिक म्हणजे काय रे?”

ओजसला राग आला. सहा वर्षं शिकलेल्या माणसाला हे विचारायचं?

“पाठ आहे मला. काही आकडे नुसतं आपण लिहिलेलं पान वाचून कळतात. काही, सगळे भाग जोडले की कळतात. हे दोन्ही स्टॅटिक. उरलेले वीज वाहायला लागल्यावरच कळतात.”

“पाठ आहे,” बाई म्हणाल्या. “हातात नाही.”

उठल्या. खणातून वीतभर तांब्याची तार काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

“हिच्या दोन कर.”

ओजसनं पक्कड उचलली.

“कापायची नाही. वीज सोड हिच्यात. विजेला सांग, दुसरं बाळ आलंय, आता दोन हो.”

...

तार तळहातावर होती तशीच राहिली. एकच.

“मग त्या नर्सनं काय करायचं, बाई?” आता त्याचा आवाज खाली आला होता.

“वॉर्डात खाटा किती?”

“आठ.”

“बाळं?”

“काल तीन होती.”

“मग खाटा तीन का नाहीत? बाळ रडत दारात आलं, की सुताराला बोलवायचं!”

ओजस हसला नाही. तारेकडे बघत राहिला...

“आठ तारा,” तो हळूच म्हणाला. “आधीच घालून ठेवायच्या. आठ हा आकडा पानावर लिहायचा. बाळ आलं की तेवढी तार चालू. कुठली चालू, ते वीज ठरवेल.”

बाईंनी चष्मा पुसला.

“पण मग पाच तारा वाया गेल्या, बाई.”

“वाया?” बाई कडाडल्या. “वाट बघत बसलेल्याला वाया म्हणतोस? जीभ झडेल!”

ओजस तिथेच जमिनीवर बसला. चार ओळी खोडल्या, सहा लिहिल्या. कॉम्प्युटर घरघरला, थांबला. ते वाक्य आलं नाही. चिपचा नकाशा पडद्यावर उमटला. आठ तारा, शेजारी शेजारी, निजलेल्या.

त्याचे डोळे भरून आले. तो बाईंच्या पायांशी वाकला.

बाईंनी पाय मागे घेतले. “माझ्या कशाला पडतोस? चार दिवस जो तुला नाही म्हणत राहिला, त्याच्या पड. तो हो म्हणाला असता, तर सोमवारी त्या नर्सनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं होतं?”

ओजसनं खरंच कॉम्प्युटरला हात जोडले. बाई खळखळून हसल्या. “येडं कुठलं!”

चहा गार झाला होता. तो त्यानं शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. कप ठेवता ठेवता त्याला तो पहिला दिवस आठवला. दोनदा नापास, कॉलेजातून काढलेला, घरी तोंड दाखवायची सोय नाही. कुणाला न सांगता या दारात येऊन उभा राहिला होता...

“बाई, एक विचारू? मी पहिल्यांदा आलो, तेव्हा नाव विचारायच्या आधीच तुम्ही माझ्या हातात चहा दिलात. मी येणार आहे, असं कुणी सांगितलं होतं तुम्हाला?”

बाईंनी कप विसळला. पदराला पुसला. फळीवर पाचांच्या शेजारी उपडा घातला.

“कुणी नाही,” त्या म्हणाल्या. “कप मांडलेला होता.”