पहिल्या गाडीचा मान

शेवंतीवाडी नावाच्या एका गावात येसबा नावाचा एक माळी राहत होता. त्याच्या खिल्लारी बैलांसारखी जोडी पंचक्रोशीत नव्हती. गावात एक जुनी रीत होती. सकाळी मळ्यांतून फुलांच्या गाड्या निघत, आणि जी गाडी सगळ्यांत आधी देवळापाशी पोचेल, तिचीच फुलं त्या दिवशी देवीला वाहत. गाडीवानाला नारळ मिळे आणि दिवसभर लोक त्याला वाकून रामराम घालत. हा मान बहुतेक वेळा येसबाकडेच जाई.

मळे आणि देऊळ यांच्या मधे गावची शाळा होती. शाळा भरायची वेळ आणि गाड्या यायची वेळ एकच. रस्ता एवढा अरुंद, की दोन गाड्या जेमतेम मावत. तरी गाडीवान नेमके तिथेच बैलांच्या शेपट्या पिरगाळत, कारण तिथे जो पुढे निघाला तो शेवटपर्यंत पुढेच राही. पोरं दप्तरं छातीशी धरून भिंतीला चिकटून उभी राहत. मोठ्यांना यात काही वावगं वाटत नसे. देवीचं काम आहे म्हणत.

एके सकाळी शाळा ओलांडताच येसबाला मागून किंकाळी ऐकू आली. देऊळ समोर दिसत होतं. त्याने मागे वळून पाहिलं नाही. नारळ हातात पडल्यावर त्याला कळलं, की विणकराची कौसा मागून येणाऱ्या राणबाच्या गाडीखाली आली. पोरीचा जीव वाचला, पण पाय मोडला.

पंचांची बैठक बसली. एक पंच म्हणाले, "पोरांना वळणच नाही. मधे येतात कशाला?" दुसऱ्यांनी सुचवलं, "शाळाच ओढ्यापलीकडे हलवू." काय म्हणावं या शहाण्यांना! पाय मोडला पोरीचा, आणि झाडाझडती चालली तीही पोरीचीच. बैल आवरा, एवढं म्हणायला कुणाची जीभ रेटेना. अखेर गुरुजी हटूनच बसले, तेव्हा एक फळा रंगवून शाळेपुढे लावला. 'इथे गाडी माणसाच्या चालीने हाका.' खाली सगळ्या पंचांची नावं होती, हुकमापेक्षा मोठ्या अक्षरांत. फळ्याला हार घातला, पेढे वाटले आणि पंच घरी जाऊन जेवले.

दुसऱ्या दिवशी गाड्या फळ्यासमोरून तशाच उधळल्या. त्यात येसबाही होता. सगळेच पळवतात, मी एकट्याने हळू जाऊन काय होणार, असं त्याने स्वतःला समजावलं.

पुढे कौसाचा पाय जुळून आला. ती काठी टेकत चालू लागली, पण शाळेत जायला तयार होईना. एक दिवस तिची आई भागू येसबाच्या दारात येऊन उभी राहिली.

"येसबादादा, रस्ता बघितला की पोरगी थरथरती. मला आता पळता येत न्हाई म्हणती. गाडी तुमची म्होरं असती, म्हणून तुमास्नीच इचारते. तिनं शाळंला कंच्या वाटंनं जावं?"

"फळा लावलाय की," येसबा पुटपुटला.

"फळा पोरांनी वाचला, दादा. गाडीवाल्यांनी कुणी वाचला?"

भागू निघून गेली. येसबाला आधी तिचा राग आला. मग तो राग फिरून त्याच्यावरच उलटला. पोरीची किंकाळी ऐकूनही त्याने नारळ घेतला होता, आणि घरी आणून फोडून खाल्लाही होता. त्याला स्वतःची शिसारी आली. संध्याकाळी तो भागूकडे गेला आणि म्हणाला, "उद्या कौसाला शाळंत धाड. मी हाय."

सकाळी येसबाची गाडी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे होती. शाळा जवळ येताच त्याने खाली उडी मारली, कासरा हातात धरला आणि रस्त्याच्या मधोमध बैलांपुढे चालू लागला. मागे गाड्यांची दाटी झाली. कुणाला पुढे काढता येईना. शिव्या सुरू झाल्या. राणबा तर चाबूक उगारून ओरडला, "बाजूला हो. देवीची फुलं सुकत्यात."

येसबा गर्रकन वळला. "सुकू देत. पोरीचा पाय मोड म्हणून देवीनं सांगितलं व्हतं का तुला? का मला सांगितलं व्हतं, किंकाळी ऐकून पळ म्हणून? तुला म्होरं जायचं असंल तर माझ्या अंगावरनं गाडी घाल."

राणबाचा चाबूक खाली आला. येसबाने बैल थांबवले. भिंतीशी आईचा हात धरून कौसा उभी होती. तिने तो हात सोडला, काठी रस्त्यावर टेकली आणि एकेक पाऊल टाकत पलीकडे गेली. तिला बराच वेळ लागला. गावातले सगळे नामांकित बैल तेवढा वेळ उभे राहिले.

देवळाशी त्या दिवशी सगळ्या गाड्या एका रांगेत, उन्हं वर आल्यावर पोचल्या. गुरवाने नारळ पुढे केला. येसबाने तो घेतला नाही. "आजपासून हा मान बंद करा," तो म्हणाला. गुरवाने प्रत्येक गाडीतली ओंजळभर फुलं देवीला वाहिली. येसबा रोज पुढे तसाच चालतो, त्यामुळे मागच्यांनाही शाळेपुढे उतरून चालावं लागतं, म्हणून काही गाडीवान अजूनही कुरकुरतात. कुरकुरू देत. कौसा शाळेत जाते.

तात्पर्य: मुलांच्या वाटेवर हळू जाणं हे मोठ्यांचं काम आहे, मुलांचं नाही. नुसता नियम लिहून भागत नाही, सगळ्यांत पुढे असणाऱ्याने तो आधी पाळावा लागतो. आणि ज्या घाईला लेकराचा जीव दिसत नाही, ती देवाच्या नावाने केली तरी पापच.