खोडरबराखालचे निदान

डोंगराच्या पायथ्याशी एक रुग्णालय होते आणि तिथे एकदा एक तरुण डॉक्टर शिक्षक झाला. म्हणजे त्याला तसे करण्यात आले. तो उत्तम डॉक्टर होता. त्याच्या हाताला गुण आहे असे लोक म्हणत, आणि एवढ्यावरून तो उत्तम शिकवेल असे व्यवस्थापनाने गृहीत धरले. असे गृहीत धरण्याची आपल्याला जुनीच सवय आहे. ज्याला पोहता येते त्याला पोहायला शिकवता येते असे आपण मानतो, आणि मग कुणी बुडाले की दोष बुडणाऱ्याला देतो.

त्या रुग्णालयात वैद्यकीय साहाय्यक तयार होत. रोग्याची विचारपूस करायची, त्याला तपासायचे, काय सापडले ते लिहायचे आणि डॉक्टरांना सांगायचे, हे त्यांचे काम. शिक्षण संपले की त्यांना वर डोंगरातल्या दवाखान्यांवर पाठवत. तिथे डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदा येई. मधले चौदा दिवस साहाय्यकाचे डोळे, कान आणि बोटे हाच काय तो दवाखाना.

रुग्णालयाचा एक रिवाज होता. साहाय्यकांनी केसपेपरवर पेन्सिलीने लिहायचे. मग राउंडला डॉक्टर येऊन तपासत आणि त्याखाली पेनाने लिहीत. साहाय्यकाचे चुकले असेल तर त्याने आपले लिहिलेले खोडरबराने पुसून टाकायचे. हा रिवाज एका वृद्ध डॉक्टरांनी घालून दिला होता. त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत. कागदावर चुकीचे काही राहू नये, एवढाच त्यांचा हेतू. तरुण डॉक्टर त्यांच्याच हाताखाली घडला होता. तोही एके काळी पेन्सिलीने लिहीत असे.

त्याच्याकडे त्या वर्षी तुळसा गावित नावाची विद्यार्थिनी होती. वय चोवीस, बोलणे कमी. महिनाअखेर तिला डोंगरावर पाठवायचे होते, आणि ती पात्र आहे की नाही हे तरुण डॉक्टरने एका फॉर्मवर लिहून द्यायचे होते. अपात्र लिहिले तर तिची दोन वर्षे वाया जाणार होती. पात्र लिहिले तर सात पाड्यांचे आजारपण तिच्या स्वाधीन होणार होते.

एका सकाळी राउंडमध्ये तुळसाने एका लाकूडतोड्याचे पोट तपासले होते.

"सर, प्लीहा वाढलीये. डाव्या बरगडीखाली दोन बोटं लागते."

तरुण डॉक्टरची डावी भुवई वर गेली. "नक्की?"

तुळसाने त्याच्या तोंडाकडे पाहिले. मग रोग्याकडे, मग पुन्हा तोंडाकडे. "नाही सर. बहुतेक लागत नाही."

"बहुतेक? एक तर लागते, नाही तर लागत नाही. बहुतेक लागायला ती काय बस आहे?"

बाजूचे दोघे साहाय्यक हसले. तुळसाने खिशातून खोडरबर काढला आणि आपली ओळ पुसली.

मग तरुण डॉक्टरने स्वतः पोटावर हात ठेवला. प्लीहा लागत होती. चांगली दोन बोटे होती. त्याचा संताप झाला. "अगं, आहे की! आधी आहे म्हणालीस, मग नाही. अंदाजपंचे चाललंय का हे? इथं माणसं मरतात अंदाजाने!"

तुळसाने पुन्हा पेन्सिल काढली आणि पुसलेल्या जागी तेच पुन्हा लिहिले.

दुपारी तो मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेला. मोठे डॉक्टर ऐंशीच्या घरात होते. खिडकीशी बसून जुन्या स्टेथोस्कोपची नळी कापडाने पुसत होते.

"सर, मला रोगी द्या. दिवसाला दीडशे द्या, मी बघतो. पण विद्यार्थी नकोत."

"काय झालं?"

"ती तुळसा. तिला स्वतःच्या बोटांवर भरवसा नाही. जे सांगते ते घटकाभरात फिरवते. मी अपात्र लिहिणार आहे. वाईट वाटतं, पण डोंगरावरच्या माणसांचं वाईट जास्त वाटतं."

"बरोबर आहे तुझं. ज्याला स्वतःच्या बोटांवर भरवसा नाही त्याला वर पाठवूच नये." मोठ्या डॉक्टरांनी नळी गळ्यात अडकवली. "किती दिवस आहेत अजून?"

"बारा."

"मग उद्याच्या राउंडला मी येतो."

दुसऱ्या दिवशी बायकांच्या वॉर्डात मोठे डॉक्टर आले. सात नंबरच्या खाटेवर एक तरुण बाई होती. पाच महिन्यांची गरोदर, चालले की धाप लागायची. आदल्या दिवशी तिच्या छातीला कान देताना तरुण डॉक्टरला ठोक्यांच्या मधल्या अवकाशात एक खालच्या पट्टीतली घरघर ऐकू आली होती. लहानपणीच्या तापाने हृदयाची झडप आखडली की अशी घरघर येते, आणि ती ऐकण्यातून सुटली तर बाळंतपणात आईचा जीव जाऊ शकतो. त्याने केसपेपरवर तसे पेनाने लिहिलेही होते.

मोठ्या डॉक्टरांनी बाईला डाव्या कुशीवर वळवले. डोळे मिटून बराच वेळ ऐकले. मग कानातून नळ्या काढल्या.

"मला तर काही ऐकू येत नाही. तुला येतंय?"

तरुण डॉक्टरने स्टेथोस्कोप लावला. घरघर होती. कालच्यासारखीच, दूर कुठेतरी दळणाचे जाते फिरत असावे तशी. त्याने मान वर केली.

मोठ्या डॉक्टरांची पांढरी भुवई वर गेली. "नक्की?"

या माणसाने चाळीस वर्षे हृदये ऐकली आहेत, असे तरुण डॉक्टरच्या मनात आले. काल वॉर्डात गोंगाट होता, हेही आले. आपण काल दमलेलो होतो, हेही. कारणे एकामागून एक येत गेली.

"काल बारीकसं वाटलं होतं, सर. पण आपण म्हणता, तर नसेलही."

"तुला काय वाटतं, तुळसा?"

तुळसाने आधी मोठ्या डॉक्टरांकडे पाहिले, मग आपल्या सरांकडे. "नाही सर. काही नाही."

"म्हणजे तिघांचं एकमत झालं. मग कागदावर तरी का राहू द्यायचं? खोड ती ओळ. आणि बाईला घरी सोडू."

तरुण डॉक्टरने पेन उघडले. आपल्याच अक्षरांवर आडवी रेघ मारली. रेघ मारताना त्याच्या कानात ती घरघर चालूच होती. बाई उठून बसली, पदर सारखा केला, खाटेखालची पिशवी ओढली. तो बघत राहिला. ती चार पावले चालली तेव्हा त्याचे ओठ हलले. दाराशी पोचली तरी शब्द फुटला नाही.

दाराशी ती आपणहून थांबली आणि वळून म्हणाली, "मोठं डाक्टर, आता फिरू का माघारी? का अजून लांब जायचं?"

"ये बाई, ये. झालं तेवढं पुरे."

"सकाळीच सांगितलं होतं त्यांनी," ती तरुण डॉक्टरला म्हणाली. "म्हणाले, मी घरी जा म्हणीन, तू पिशवी उचल, पण दार वलांडू नको." आणि खाटेवर बसत पुढे म्हणाली, "मला वाटलं तुमी तरी अडवाल."

वॉर्डात कुणी हसले नाही.

मोठे डॉक्टर तरुण डॉक्टरला व्हरांड्यात घेऊन गेले. उभ्याउभ्याच बोलले.

"घरघर काल होती, आजही आहे. तुला ऐकू आली, मलाही आली. तुझे कान शाबूत आहेत, माझ्यापेक्षा तरणे आहेत. मग तू रेघ का मारलीस?"

तरुण डॉक्टरने अजून उघडेच असलेल्या पेनाला टोपण लावले.

"मी सांगतो. तू माझ्याकडे शिकायला होतास तेव्हा तुझं काही चुकलं की माझी भुवई वर जायची. बरोबर असलं आणि मला नवल वाटलं, तरी तीच वर जायची. तुला दोन्हींतला फरक कधी कळला नाही, आणि मी कधी सांगितला नाही. तू रोगी तपासायला शिकलास, ते तुझ्या कष्टाने. माझ्याकडून शिकलास ते माझं तोंड वाचायला. ती भुवई आता तुझ्या कपाळावर आहे." ते क्षणभर थांबले. "महिनाअखेर ती पोर डोंगरावर जाईल. तिथं वाचायला कुणाचं तोंड नसेल. मग ती काय करील?"

"मग मी रागवू नको का, सर?"

"रागव. जरूर रागव. रोग्याच्या जिवासाठी न रागावणारा डॉक्टर माझ्या काय कामाचा? पण आधी तिला काय सापडलं ते पुरतं ऐक. मग स्वतः तपास. मग बोल. आणि ती पेन्सिल काढून घे. ती मीच आणली होती. कागद स्वच्छ राहावा म्हणून आणली. कागद स्वच्छ राहिला खरा."

तरुण डॉक्टर एकटाच कागदपत्रांच्या खोलीत गेला. त्याने तुळसाने लिहिलेले गेल्या तीन महिन्यांचे केसपेपर काढले. खोडरबर शिसे पुसतो, पण पेन्सिलीच्या टोकाने कागदावर पडलेला चर पुसत नाही. त्याने एकेक कागद खिडकीच्या उजेडात तिरका धरला. पुसलेल्या ओळी हळूहळू दिसू लागल्या. "उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी श्वास कमी." पुसलेले. त्याखाली पेनाने, त्याच्याच अक्षरात: "उजव्या तळाशी पाणी." "पापण्या फिकट, जीभ गुळगुळीत." पुसलेले. "मानेत गाठ, दुखत नाही." पुसलेले. काही ठिकाणी ती खरोखर चुकली होती. बहुतेक ठिकाणी नव्हती. जी मुलगी अंदाजाने बोलते असे तो म्हणत होता, तिने आपली बरोबर उत्तरे एकेक करून स्वतःच्या हाताने नाहीशी केली होती, आणि प्रत्येक वेळी तो समोर उभा होता.



दुसऱ्या दिवशी त्याने तिन्ही साहाय्यकांच्या हातात पेन ठेवले. "मी यायच्या आत लिहून सही करायची. चुकलं तर चुकलेलं राहील, मी खाली माझं लिहीन. कुणी खोडायचं नाही."

एवढे केले की सगळे बदलते, असे गोष्टीत घडते. इथे घडले नाही. पहिले दोन दिवस तुळसाने पेनाने लिहिले ते इतके बारीक, की वाचायला चष्मा लागावा. तिसऱ्या दिवशी तिने एका ओळीवर औषधाचा डाग पाडला. तो डाग चुकून पडलेला नव्हता हे त्याला समजले. पूर्वी तो फटकन बोलला असता. तेवढ्यात त्याला आपली भुवई आठवली, आणि तिचे काय करावे हे त्याला कळेना. चेहरा काही खिशात ठेवता येत नाही. शेवटी तुळसा बोलू लागली की तो पाठ फिरवून खिडकीबाहेर पाहत ऐकू लागला.

"डॉक्टर रुसलेत का आपल्यावर?" सिस्टर साहाय्यकांना विचारत.

"शिकतोय, सिस्टर," तो खिडकीकडे बघतच म्हणे.

"चार दिवसांत बरीच प्रगती आहे की. परवापर्यंत शिकवत होतात."

तिचे ऐकून झाले की तो वळे आणि म्हणे, "कुठं सापडलं? माझा हात धर आणि ठेव तिथं." पहिल्यांदा त्याचा हात धरताना तिची बोटे गार पडली होती. आठव्या दिवशी ती त्याचे मनगट सरळ पकडून योग्य जागी नेऊ लागली. दोनदा ती चुकली. त्याने तपासून "इथं नाही" म्हटले आणि का नाही ते दाखवले. ती चूक कागदावर तिच्या सहीनिशी राहिली, आणि आभाळ कोसळले नाही.

दहाव्या दिवशी वीटभट्टीवरचा एक मजूर आला. महिनाभर खोकला, अंग झडलेले. तुळसाने लिहिले होते: "उजव्या खांद्याखाली, वरच्या टोकाला, बारीक चुरचुर."

तरुण डॉक्टरने ऐकले. श्वास मोकळा होता. पुन्हा ऐकले. काही नव्हते.

"मला काही ऐकू येत नाही, तुळसा," तो म्हणाला. ते खरे होते, आणि त्या खरेपणाच्या भरात त्याची डावी भुवई वर गेली. त्याला ते जाणवले, पण उशिरा. तिने ती पाहिली होती.

तिने हातातले पेन घट्ट धरले.

"आहे, सर. आधी त्यांना खोकायला सांगा. खोकून झालं की लगेच पहिला श्वास ऐका." आणि मजुराकडे वळून म्हणाली, "दादा, खोका. जोरात."

मजूर खोकला. तरुण डॉक्टर पुन्हा वाकला. खोकल्यानंतरच्या पहिल्या श्वासाबरोबर, अगदी टोकाला, चिमटीत केस चुरावेत तसा आवाज आला आणि विरला. क्षयाचा फुफ्फुसातला ठाव असा खोकल्याआड दडलेला असतो. हे पुस्तकात त्यानेही वाचले होते. गर्दीच्या राउंडमध्ये ते करायचे त्याने केव्हाच सोडून दिले होते.

तो ताठ उभा राहिला. वॉर्डातले सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. फक्त तुळसा रोग्याकडे पाहत होती.

त्याने तिच्या ओळीखाली लिहिले: "आहे. मला दुसऱ्यांदा ऐकू आली." मग खिशातून तो फॉर्म काढला, रोग्याच्या उशाशी ठेवून भरला, आणि पुढच्या खाटेकडे वळला.

तुळसा सोमवारी डोंगरावर गेली. मोठ्या डॉक्टरांनी विचारले, "काय लिहिलंस?"

"पात्र."

"आणि स्वतःबद्दल?"

"त्याचा फॉर्म नाही, सर."

मोठे डॉक्टर हसले आणि नळी पुसू लागले.

आपल्या एका प्रश्नावर कुणी आपले म्हणणे पटकन मागे घेतले, तर त्याचा कागद एकदा उजेडात तिरका धरून पाहावा.