सोन्याच्या वर्खाचा लेप

आंबेवळच्या राणी चिमाबाईंची कातडी इतकी नाजूक, की साध्या उटण्यानेही चेहऱ्यावर पुरळ उठायचं. राजवैद्य धुंडिराजशास्त्र्यांनी चेहरा धुवायला खास लेप तयार केला. त्यात केशर, कापूर, लवंग आणि वर सोन्याचा वर्ख. एवढा महाग म्हणजे उत्तमच असणार, अशी राजेसाहेबांची समजूत. राजेच ते, त्यांनी आणखी विचार तरी कशाला करायचा!

लेपाने राणीसाहेबांचं तोंड डाळिंबासारखं लाल झालं. त्यांनी भर दरबारात तक्रार केली, तेव्हा शास्त्रीबुवा हसले.

"चेहरा लाल झाला म्हणजे गुण येतोय, राणीसाहेब! याहून चांगलं काही ठाऊक असेल तर आत्ता सांगा. नाहीतर वर्षभर मुकाट्याने हाच लेप लावा."

राजेसाहेबांनी मान डोलावली. तेवढं त्यांना छान जमायचं.

राणीसाहेबांनी गोड आवाजात विचारलं, "शास्त्रीबुवा, तुम्हाला नातू झाला ना? त्याला आंघोळीला हाच लेप लावत असाल?"

"छे छे, भलतंच काय!" शास्त्रीबुवा दचकले. "तान्हं बाळ ते, केवढी कोवळी कातडी त्याची! त्याला आम्ही दुधात कालवलेलं मसुराचं पीठ लावतो. घरातलंच असतं, आणि जराही आग होत नाही."

"ऐकलंत ना, महाराज? याहून चांगलं काय, ते राजवैद्यांनीच सांगितलं. उद्यापासून मला तेच द्या."

दरबारात हशा पिकला. शास्त्रीबुवांचा चेहरा लालबुंद झाला. राजेसाहेबांनी काळजीने विचारलं, "अहो, यांना काय झालं?"

"काही नाही, महाराज," राणीसाहेब म्हणाल्या. "गुण येतोय."